हलाल कळले, तय्यब कधी कळणार?

आमच्या दादीच्या घरी पाहुणा यायचा असला की त्याची खबर सगळ्यांत आधी कोंबडीला लागायची. तीन दिवस आधीच तिला धरून डालग्याखाली झाकले जायचे. एरवी ती मोहल्लाभर हिंडायची, गटारीच्या कडेला उकरायची, उकिरड्यावर चोच मारायची. दादी म्हणायची, "नाली का खाती फिरती है ये. तीन दिन घर का दाना खाने दो, फिर काटो." मग तीन दिवस तिला ज्वारी, तांदळाच्या कण्या आणि वाटीत स्वच्छ पाणी. पाहुणा न सांगता आला तर त्याच्यापुढे अंड्याचा रस्सा आणि भाकरी यायची. पण उकिरड्यावरून धरून आणलेल्या कोंबडीच्या मानेवर त्याच दिवशी सुरी फिरायची नाही. आम्ही पोरे हसायचो. दादीचे हे वेड आहे असेच आम्हाला वाटे.

पुढे बऱ्याच वर्षांनी फिकहचे एक पुस्तक चाळताना 'जल्लाला' हा शब्द भेटला. घाण खाऊन वाढलेल्या जनावराला हे नाव आहे. अशा जनावराचे मांस आणि दूध घेऊ नये, त्याला काही दिवस बांधून स्वच्छ चारा द्यावा आणि मगच ते वापरावे, असे हदीसच्या आधाराने फकीहांनी सांगून ठेवले आहे. कोणी त्याला हराम म्हटले, कोणी मकरूह. उंटाला किती दिवस, गायीला किती, बकरीला किती, यावरही मतभेद आहेत. पण हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (र.) कोंबडी तीन दिवस बांधून ठेवीत, अशी नोंद आहे. दादीचे डालगे तिथून आले होते. जिला कुराण नाजरा वाचण्यापलीकडे काही शिकवले गेले नाही, तिच्या हाताला फिकहमधला हा मसला ठाऊक होता. आम्हाला, पदव्या घेतलेल्यांना, तो पुस्तकात शोधावा लागला.

आज आमच्या समाजात हलाल या शब्दाची चर्चा कधी नव्हती एवढी आहे. बिस्किटाच्या पुड्यावर, साबणाच्या वेष्टनावर, विमानातल्या जेवणाच्या डब्यावर आम्ही तो शब्द शोधतो. चांगली गोष्ट आहे. परंतु कुराणात, सूरह बकरामध्ये (२:१६८), जिथे खाण्याविषयी सांगितले आहे तिथे हलाल हा शब्द एकटा येत नाही. त्याच्या जोडीला 'तय्यब' येतो. शुद्ध, निर्मळ, अंगाला आणि मनाला मानवणारे. आणि ती आयत केवळ मोमिनांना उद्देशून नाही, तमाम माणसांना उद्देशून आहे. आम्ही जोडीतला पहिला शब्द उचलला आणि दुसरा ताटाबाहेर सारला. हलालचा अर्थही आक्रसत आक्रसत सुरीच्या एका फिरवण्यापुरता उरला. जनावर कोणाचे, काय खाऊन वाढले, कसे आणले, कोणत्या अवस्थेत सुरीखाली आले, हे विचारणे आम्ही बंद केले.

आमच्याविरुद्ध बोलणाऱ्यांनीही हाच आक्रसलेला अर्थ उचलला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यातीचा माल मात्र वगळला, म्हणजे परदेशातून पैसा येत असेल तेव्हा तोच शिक्का चालतो. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका मांसाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली. आमच्यातले लोक चिडले, सभा झाल्या, निवेदने गेली. चिडण्याजोगेच आहे, एखाद्याच्या रोजीरोटीला धर्माचे लेबल लावून गिऱ्हाईक तोडायचे, यात व्यापार नाही, बहिष्कार आहे. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. हलालवाल्याच्या दुकानापुढे आणि मल्हारवाल्याच्या दुकानापुढे पहाटे उभी राहणारी गाडी एकच असू शकते. त्याच शेडमधली कोंबडी, तेच खाद्य, तीच पाण्यात विरघळलेली पुडी. शिक्के दोन झाले. कोंबडी तीच राहिली. तिच्याविषयी ना त्यांना काही विचारायचे आहे, ना आम्हाला.

तेव्हा आता कोंबडीविषयीच बोलू. आपल्या मोहल्ल्यात आठवड्यातून दोनदा जी शिजते ती ब्रॉयलर कोंबडी बहुधा कॉब किंवा रॉस अशा परदेशात पैदास केलेल्या वाणांची असते. ती साधारण चाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास भरते. इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण आपल्याकडे या विषयावर माहितीपेक्षा अफवाच फार. "हार्मोनचे इंजेक्शन देऊन फुगवतात" हे जे नाक्यानाक्यावर ऐकू येते ते खरे नाही. एवढी वाढ होते ती अनेक पिढ्यांच्या निवड-पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. मका आणि सोयाबीनची पेंड, त्यात जीवनसत्त्वे आणि क्षार. सव्वातीन-साडेतीन किलो खाद्यात दोन किलोचा पक्षी. सोयाबीन आपल्याच लातूर-वाशीमच्या शेतातले असू शकते. त्यात नापाक काही नाही. प्रश्न पुढचा आहे. एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम एक चौरस फूट जागा, खाली भाताचे तूस, त्यावर चाळीस दिवसांची विष्ठा, रात्रीही दिवे. अशा दाटीत एक आजारी पडला की हजार पडतात. म्हणून औषध. आजार झाल्यावर द्यायचे औषध आजार होऊ नये म्हणून दिले जाऊ लागले, आणि वजन लवकर भरते असे दिसल्यावर वजनासाठीही.

आमच्या नात्यातला एक मुलगा आहे. बी.ए. झाला, नोकरी मिळाली नाही, वडिलांच्या जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढून शेड बांधली. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे; शेड, वीज, पाणी आणि मेहनत त्याची. पक्षी मोठे झाले की कंपनी किलोमागे ठरलेले काही रुपये देते. त्याला आम्ही विचारले, औषध कोणते देतोस? म्हणाला, "मामू, नाव मला कुठे माहीत? सुपरवायझर पुडी देतो, पाण्यात टाक म्हणतो, टाकतो." गाडी कधी येणार हे किती दिवस आधी कळते? "कधी चार दिवस. भाव चढला तर रात्री फोन येतो, पहाटे गाडी दारात." घरी तू हीच कोंबडी खातोस का, हे विचारायची गरज पडली नाही. शेडच्या मागे बाभळीखाली चार गावरान कोंबड्या हिंडत होत्या.

आता इथे दादीच्या डालग्याकडे परत यावे लागते. पशुवैद्यक शास्त्रात एक नियम आहे: प्रतिजैविक दिल्यानंतर ठरावीक दिवस ते बंद ठेवायचे, अंगातून निघून जाऊ द्यायचे, आणि मगच जनावर कापायचे. औषधागणिक दिवस वेगळे. जनावराच्या पोटात जे गेले ते खाणाऱ्याच्या पोटात जाऊ नये म्हणून थांबणे, हा जल्लालाचाच मसला आहे. कारण वेगळे, तर्क तोच. रात्री फोन आणि पहाटे गाडी, या व्यवहारात ते थांबणे कुठे बसते? दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन नावाचे औषध, जे माणसाला बाकी सारी औषधे लागू पडेनाशी झाली म्हणजे शेवटचा उपाय म्हणून देतात, ते कोंबड्यांना खाद्यातून दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्याच्यावर बंदी आणली. म्हणजे तोवर ते सर्रास चालू होते आणि आमच्या दस्तरखानावर हलाल म्हणूनच येत होते. जंतूंना औषधांची सवय होते आणि उद्या आपल्याच पोराच्या न्यूमोनियाला तीच औषधे लागू पडत नाहीत. ही भीती घालण्याची भाषा नाही. जंतूंचे औषधांना न जुमानणे ही आज जगभरातल्या डॉक्टरांची मोठी चिंता आहे.

एकदाच असे झाले की आमच्या लोकांनी कोंबडीविषयी प्रश्न विचारले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. भारतातला तो पहिलाच. लाखो पक्षी मारून पुरले, भाव कोसळले, दुकाने ओस पडली. त्या दिवसांत ही कोंबडी येते कुठून, असे लोक एकमेकांना विचारत होते. भाव सावरले, प्रश्न विसरले गेले.

शेडचे खापर कंपनीवर फोडता येईल. दुकानाचे कोणावर फोडणार? आपल्या बहुतेक गावांत, शहरांत चिकन सेंटर चालवणारा आपलाच भाऊ आहे. रविवारी सकाळी जरा उभे राहून पाहा. समोर जाळीचा पिंजरा, त्यात उभे राहायलाही जागा नाही. पाण्याचे भांडे नाही. असले तर कोरडे. पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर एक मुलगा, वय पंधरा-सोळा, पक्ष्याचे पंख मुरगळून धरतो, सुरी फिरवतो आणि पिंपात टाकतो. आत तडफड चालू असतानाच वरून दुसरा पडतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना ते सारे दिसते. मुलाच्या तोंडात २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी असलेला गुटखा. त्याच तोंडातून बिस्मिल्लाह निघाली की नाही हे अल्लाहला ठाऊक. प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की सुरीला धार असावी, जनावराला आराम द्यावा. एका जनावरासमोर दुसरे कापू नये, त्याच्या देखत सुरी परजू नये, त्याला तहानलेले ठेवू नये, हे आदाब तर मदरशातल्या लहान पोरालाही शिकवतात. मग त्या पिंजऱ्यापुढे रांगेत उभे राहून, मोबाईल पाहत, "दो किलो, बिर्याणी पीस" म्हणताना आमच्या ईमानाला काहीच कसे टोचत नाही? दुसऱ्या कोणी येऊन आमच्या जबीहाला क्रूर म्हटले की आम्ही लेख लिहितो, शास्त्राचे दाखले देतो, मेंदूला रक्त कसे थांबते ते सांगतो. ते पिंप मात्र दाखवत नाही. हे लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो.

यावर आमचेच मित्र म्हणतात, ही श्रीमंतांची चोचले आहेत. गरिबाला दोनशे रुपयांत पोराबाळांच्या ताटात मांस पडते, तेही तुम्हाला पाहवत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ मध्ये दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचे मांस उरले, पण भीती, अडवणूक आणि वाहतुकीतला धोका यांनी तेही अनेक ठिकाणी दुर्मिळ केले. कुरेशी कुटुंबांचा पिढ्यांचा धंदा मोडला, शेतकऱ्याच्या दावणीला म्हातारा बैल उरला, आणि ज्या घरात स्वस्त मांस म्हणजे मोठ्याचे होते तिथे ब्रॉयलर आली. मटणाचा भाव तर विचारू नये. तेव्हा ब्रॉयलर हे गरिबाचे मांस झाले आहे, हे आम्ही मान्य करतो. मग त्यात काय आहे हे विचारण्याचा पहिला हक्क कोणाचा? गावरान कोंबडी सांगून मागवणाऱ्या बंगलेवाल्याचा की आठ जणांच्या घरात एक किलो नेणाऱ्या आमच्या बहिणीचा? स्वस्त म्हणून जे मिळेल ते गप गिळावे, असे गरिबाला सांगणारे आम्ही कोण?

इमाम-ए-मस्जिदसाहेबांना आमचा अदबीने सवाल आहे. जुम्याच्या बयानात आपण जबीहाचे मसाइल सांगता. जल्लालाचा मसला शेवटचा कधी सांगितलात? तो जुना झाला असे वाटते काय? आमच्या मते आज त्याच्याएवढा ताजा दुसरा मसला नाही. आणि स्वयंपाक ज्यांच्या हातात आहे त्या बायांना तुम्ही यात कधी विचारले? कोंबडी धुताना तिचा वास कसा येतो, हाड किती ठिसूळ लागते, रस्शाला तवंग कसा येतो, हे त्यांना ठाऊक. मसला मात्र आम्ही पुरुष मस्जिदीच्या वऱ्हांड्यात ठरवणार.

बाजारात हात घालून पाहण्याची परंपरा आमचीच आहे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाची सबब सांगितली. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला सुनावले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. पुढे याच कामासाठी मुहतसिब नेमले गेले. बाराव्या शतकातल्या शामच्या अल-शैझरीने मुहतसिबासाठी लिहिलेल्या ग्रंथात कसाई, भटारी, हरीसा शिजवणारे, इतकेच काय, जुलाबिया तळणारे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. ही जुलाबिया म्हणजे आपल्या जिलबीची नातलग. आठशे वर्षांपूर्वी कोणी तिची कढई तपासत होते. आज रमजानमध्ये आमच्या नाक्यावरच्या कढईत तेच तेल दहा-दहा दिवस उकळते, काळे होते, फेसाळते. तळणाच्या तेलासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. ती नाक्यावर कोणाला माहीत नाही. रोजेदार दिवसभराच्या उपाशी पोटी त्याच तेलातली भजी उचलतो. ते तेल बहुधा इंडोनेशिया-मलेशियाहून आलेले पामतेल. वलीम्याच्या देगेत तर अजून डालडा हा शब्द कौतुकाने उच्चारला जातो. वनस्पती तुपातल्या ज्या ट्रान्स फॅटने हृदयाच्या नळ्या तुंबतात, तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ साल उजाडले.

रंगाचेही तेच. जर्द्याला केशर परवडत नाही हे समजू शकते, हळद तरी परवडते. तंदुरीला, कबाबला तो भडक लाल रंग कशाला? मांसाच्या पदार्थांत कृत्रिम रंगाला आपल्या कायद्यात परवानगी नाही. शेजारच्या कर्नाटकाने जून २०२४ मध्ये नमुने तपासून कबाबमधल्या रंगावर वेगळा बंदीहुकूम काढला. आपल्याकडे गिऱ्हाईकच म्हणते, "भाई, कलर कम है."

आणि शीरखुर्म्यातली साखर. ती कोठून येते? बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक हत्यार. उचल घेतलेली असते, खाडा झाला की दंड. बाईला पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आम्ही भाषणात अभिमानाने सांगतो. ईदच्या सकाळी वाटी तोंडाला लावताना हा हिशेब तय्यबच्या खात्यात मांडायचा की नाही? आम्ही साखर सोडा म्हणत नाही. आम्हीही सोडलेली नाही. पण ज्या साखर कारखान्याच्या संचालकाला आपण इफ्तार पार्टीत पहिल्या रांगेत बसवतो, त्याला कोयत्याविषयी एक प्रश्न विचारायला काय हरकत होती?

हे सारे नुसते लिहून मोकळे होऊ नये म्हणून आम्ही काही जणांनी आमच्या जमातीपुढे चार मागण्या ठेवल्या. मोहल्ल्यातल्या दुकानांनी पिंजरा आणि कापण्याची जागा यांच्यामध्ये आडोसा करावा. पक्ष्यांना पाणी ठेवावे. पिंपात एकावर एक न टाकता थंड होऊ द्यावे. आणि माल घेताना पुरवठादाराकडून औषध कधी बंद केले याची लेखी चिठ्ठी मागावी. एकटा दुकानदार मागेल तर त्याला हाकलतील, पंधरा दुकानदार मिळून मागतील तर द्यावी लागेल. आडोशाला लागते एक प्लायवूडची फळी. दुकानदारांपैकी तिघे तयार होते. एक तर म्हणाला, "आम्हालाही ते बघवत नाही हो, पण गिऱ्हाईक घाई करते."

बैठकीत विषय शेवटचा होता. त्याआधी मस्जिदीच्या एसीचे बिल, भोंग्याचा परवाना आणि शादीखान्याच्या फरशीचा रंग यांवर दोन तास गेले. सदरसाहेबांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, मसला अहम आहे, रमजाननंतर सवडीने बघू. त्यानंतर दोन रमजान झाले. प्लायवूडची फळी एका दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने लावली आहे.